नेट कोण खातंय? मामांची अभ्यासिका, एक राउटर आणि एक वही

(एपिसोडचा मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला एकदम कोरडा आहे, आधीच सांगतो. आपलं इंटरनेट नक्की किती वापरलं जातं, कोण वापरतं, आणि ते मोजायला, मोजून जपून ठेवायला कोणतं टूल घ्यायचं. पण या कोरड्या विषयावरून एका मुलाची अभ्यासिकेतली जागा जायची वेळ आली होती. म्हणून हा एपिसोड.

माझे मामा कराडला अभ्यासिका चालवतात. तुमच्यापैकी बरेच जण अशा ठिकाणी बसला असाल. ४० टेबलं, वर पंखे, दाराशी चपलांचा ढीग, भिंतीवर ‘मोबाईल सायलेंट ठेवा’. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा, सगळं चालू असतं. फीमध्ये वाय-फाय येतं. कनेक्शन फायबरचं, १०० एमबीपीएस, आणि महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा. आता हे प्लॅन ‘अनलिमिटेड’ म्हणूनच विकले जातात, पण खाली बारीक अक्षरात एफयूपी लिहिलेलं असतं. तेवढा डेटा संपला की कनेक्शन तुटत नाही, स्पीड मात्र गोगलगाय होतो.

तर तीन महिने झाले, दर महिन्याला २० तारीख आली की मामांचं नेट झोपायचं. मुलं ओरडायची, मामा केबलवाल्याला फोन करायचे, आणि तो म्हणायचा, “सर, तुमच्याकडं कोणीतरी जोरात डाउनलोडिंग मारतंय.” एवढंच. कोण ते त्याला माहीत नाही, मामांना माहीत नाही. पण मामांचा संशय पक्का होता. पाटणच्या बाजूचा एक मुलगा बरोबर तीन महिन्यांपूर्वी लागला होता. एकटाच असा की ज्याच्याकडे मोठा लॅपटॉप, आणि रात्री अकरापर्यंत बसणारा. मामांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, “काय पिक्चर उतरवतोस का रे रात्रभर?” तो नाही म्हणाला. मामा म्हणाले, एक तारखेपासून दुसरी अभ्यासिका बघ. त्याची पूर्वपरीक्षा सहा आठवड्यांवर होती.

मग मला फोन. “अरे, तू इंजिनिअर ना? ये आणि जरा बघून दे, तो काय काय उतरवतोय ते. म्हणजे पुराव्यासकट सांगता येईल.”

वाक्य नीट ऐका. मामांना उत्तर आधीच माहीत होतं, त्यांना फक्त पुरावा हवा होता. आणि मीपण काही कमी नाही, मी लगेच “येतो शनिवारी” म्हणालो. प्रश्न काय आहे हे मीसुद्धा विचारलं नाही.

शनिवारी गेलो. पहिलं काम काय केलं असेल? स्पीड टेस्ट. आपण सगळे तेच करतो. स्पीड टेस्ट म्हणजे नळाला या क्षणी किती धार आहे हे बघणं. महिन्यात किती पाणी गेलं आणि कुणाच्या घरात गेलं, याचा तिला पत्ता नसतो. उलट टेस्टच डेटा खाते. १०० एमबीपीएसच्या लाईनवर पंधरा सेकंद टेस्ट चालली तर दीड-दोनशे एमबी गेले समजा. मामा दिवसातून दहा वेळा लावत होते!

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी आहे, कारण मी बीटेक आहे. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यावर व्हीएनस्टॅट नावाचं टूल आहे. फार गुणी टूल आहे, मी वर्षानुवर्षं वापरतोय. मी लॅपटॉप वाय-फायला जोडला, व्हीएनस्टॅट चालू केलं, आणि तीन तासांनी मामांना आकडा दाखवला: १.४ जीबी. मामा म्हणाले, “म्हणजे कोणीच काही वापरत नाहीये?”

अर्थातच तो आकडा माझ्या एकट्याच्या लॅपटॉपचा होता. व्हीएनस्टॅट ज्या मशीनवर बसवलंय त्या मशीनच्या दारातून काय आलं-गेलं तेवढंच मोजतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा डेटा माझ्या लॅपटॉपमधून जातच नाही, तो थेट राउटरकडे जातो. हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहून मार्क घेतलेत, आणि तरी केलं. इंटरनेटवर ‘बेस्ट बँडविड्थ मॉनिटर’ म्हणून शोधलं की जी यादी येते, त्यातली निम्मी टूल अशी एका मशीनपुरती असतात. ती चांगलीच असतात. पण ती कुठे बसवायची हे यादीत लिहिलेलं नसतं.

इथे घरच्या लाईट मीटरचा विचार करा. वाड्यात चार भाडेकरू आहेत, एकच मीटर आहे, आणि बिल जास्त आलं. आता तुम्ही तुमच्या खोलीत मीटर लावून बसलात तर शेजारच्याचा हीटर कळणार आहे का? सबमीटर लावायचे तर जिथून सगळ्यांच्या वायरी फुटतात तिथे लावावे लागतात. नेटमध्ये ती जागा म्हणजे राउटर.

म्हणून टूल निवडायच्या आधी प्रश्न काय आहे ते कागदावर लिहा. एकूण किती गेलं, एवढंच हवंय? कोणत्या डिव्हाइसने खाल्लं ते हवंय? एकाच डिव्हाइसवर कोणतं ॲप खातंय ते हवंय? की आत्ता, या मिनिटाला लाईन का अडकली ते? हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि चारही ठिकाणी वेगळं टूल लागतं. आत्ताचं बघायला लिनक्सवर इफटॉप आहे, कोणता प्रोग्रॅम खातोय ते बघायला नेटहॉग्स आहे, पण ही दोन्ही टूल बंद केली की सगळं विसरतात. वादात कामाला येतं ते लिहून ठेवलेलं.

बरं, मामांच्या केसमध्ये प्रश्न होता: कोणत्या डिव्हाइसने, महिनाभरात, किती. म्हणजे राउटरवर बसणारं आणि लक्षात ठेवणारं काहीतरी.

कंपनीने दिलेल्या डब्यात लॉगिन केलं. आत एक स्टॅटिस्टिक्सचं पान होतं. मामा खूश. त्यावर ‘रिसिव्ह्ड’समोर ३ जीबी. मामांचा चेहरा पडला. “अरे, तीनच जीबी? मग माझे पैसे कशाचे?”

हा आकडा मला ओळखीचा वाटला. अर्ध्या तासाने परत पान उघडलं तर १ जीबी. वापर कमी कसा होईल? जुन्या पद्धतीचा काउंटर ३२ बिटचा असतो. तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतो आणि मग परत शून्यावर येतो, जुन्या स्कूटरचं किलोमीटर मीटर कसं सगळे नऊ झाले की शून्यावर यायचं तसं. बाइटमध्ये मोजत असाल तर तो जेमतेम ४ जीबी. १०० एमबीपीएसची लाईन पूर्ण भरून चालली तर सहा मिनिटांच्या आत एक फेरी. म्हणून त्या पानावर ४ जीबीच्या वर आकडा कधीच दिसला नसता. मोठ्या नेटवर्कच्या यंत्रांमध्ये यावर ६४ बिटचे काउंटर असतात, आणि टूल निवडताना ते कोणता काउंटर वाचतंय हे बघणं म्हणजे अतिशहाणपणा नाही. आकडा खोटा असेल तर ग्राफ कितीही सुंदर असो, काय उपयोग?

ग्राफवरून आठवलं. ही मोजामोजी नवीन नाही. १९९४ साली इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट युनिव्हर्सिटीत टोबियास ओटिकर नावाचा माणूस काम करत होता. त्या सगळ्या कॅम्पसला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाईन होती ६४ किलोबिटची. आपला व्हॉट्सॲप कॉलसुद्धा अडखळेल इतकी. साहजिकच प्रत्येकाला उत्सुकता, लाईन भरली आहे का. त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो ठरावीक वेळाने राउटरचा काउंटर वाचायचा आणि वेबपानावर ग्राफ काढायचा. पुढच्या वर्षी तो एमआरटीजी म्हणून बाहेर आला आणि जगभरच्या नेटवर्कवाल्यांच्या स्क्रीनवर जाऊन बसला. दर पाच मिनिटांनी मीटर वाचा, मागच्या आकड्यातून वजा करा, लिहून ठेवा. आजची चकाचक टूलसुद्धा आत हेच करतात.

माझ्या ऑफिसमध्ये ग्राफाना आहे, प्रोमिथियस आहे, भिंतीवर मोठ्ठा टीव्ही. शनिवारी रात्री मी कराडच्या अभ्यासिकेसाठी तसलंच डिझाइन कागदावर काढत बसलो होतो. मामी म्हणाली, “हे सगळं बंद पडलं की चालू कोण करणार? तू पुण्याला, आणि यांना टीव्हीचा रिमोट जमत नाही.” कागद फाडला. टूल निवडताना हा प्रश्न कुठल्याच तुलना-तक्त्यात नसतो: तुम्ही निघून गेल्यावर ते कोण सांभाळणार?

शेवटी साधा मार्ग घेतला. माझ्याकडे एक जुना राउटर पडून होता, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाकलेलं. हे राउटरसाठीचं मोफत, मुक्त स्रोत लिनक्स आहे. प्रत्येक राउटरवर चालत नाही, त्यांच्या साइटवर मॉडेलची यादी असते, ती बघितल्याशिवाय काही करू नका, डबा कायमचा मरू शकतो. कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्याला तर हात लावूच नका. त्याच्यामागे आपला राउटर जोडायचा आणि डब्याचं वाय-फाय बंद करायचं, म्हणजे सगळी मुलं आपल्या राउटरमधून जातील. त्यात एनएलबीडब्ल्यूमॉन नावाचं छोटं पॅकेज टाकलं. प्रत्येक डिव्हाइसने किती डाउनलोड केलं, किती अपलोड केलं, हे ते मोजतं. ब्राउझरमध्ये एक गोल चार्ट आणि खाली यादी. मामा मोबाईलवर उघडू शकतात.

यात दोन खाचाखोचा सांगतो, करणार असाल तर लागतील. एक, राउटरमध्ये ‘हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग’ चालू असेल तर डेटा मोजणाऱ्याला चुकवून पुढे जातो आणि आकडे कमी दिसतात. ते बंद ठेवा. दोन, महिना कोणत्या तारखेला सुरू होतो ते सेट करा. मामांचं बिल ५ तारखेला फिरतं असतं आणि टूल १ तारखेपासून मोजत असतं, तर दोन्ही आकडे कधीच जुळले नसते. नशिबाने त्यांचंही एकच तारखेला होतं. आणि हो, काही टूल हजाराने भागतात, काही १०२४ ने. ३३०० जीबी दुसऱ्या पद्धतीने ३०७३ दिसतात. तेवढ्यावरून कस्टमर केअरशी भांडू नका. मी भांडलोय.

राउटर लावत होतो तेव्हा चार-पाच मुलं भोवती जमली. “दादा, आमच्या मोबाईलचा डेटा कुठं जातो तेपण सांगा की. दीड जीबी दुपारपर्यंत उडतो.” तुमच्यातल्या बहुतेकांचा प्रश्न हाच असणार, म्हणून दोन मिनिटं इकडे वळतो.

अँड्रॉइड असेल तर वेगळं ॲप घ्यायच्या आधी फोनचंच बघा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात तुमचं सिम, त्यात ॲप डेटा युसेज. प्रत्येक ॲपचा आकडा मिळतो, आणि ॲपवर टॅप केलं की फोरग्राउंड-बॅकग्राउंड वेगळं दिसतं. म्हणजे तुम्ही उघडून वापरलं ते किती आणि फोन खिशात असताना त्याने किती खाल्लं ते किती. गंमत अशी की तिथली सायकल महिन्याची असते आणि आपले प्रीपेड प्लॅन २८ दिवसांचे, त्यामुळे दर रिचार्जला तारीख हाताने बदलावी लागते. आयफोनवाल्यांनो, तुमच्याकडे ‘करंट पिरियड’ लिहिलेलं असतं, पण तो पिरियड तुम्ही स्वतः रिसेट करेपर्यंत चालूच राहतो. एका मुलाच्या फोनमध्ये तो फोन घेतल्यापासूनचा आकडा होता आणि तो या महिन्याचा समजून घाबरला होता.

वेगळं ॲप घ्यायचंच असेल तर परवानगी कोणती मागतंय ते बघा. फक्त आकडे दाखवणाऱ्या ॲपला ‘युसेज ॲक्सेस’ पुरतो. काही ॲप व्हीपीएनची परवानगी मागतात, कारण तुमचा सगळा डेटा आपल्यामधून नेला की त्यांना प्रत्येक ॲपचं प्रत्येक कनेक्शन बघता येतं. नेटगार्ड, पीसीएपीड्रॉइड ही अशी ॲप आहेत, ती मुक्त स्रोत आहेत आणि हे काम फोनच्या आतच करतात. पण परवानगी तीच आहे, आणि ती कुणाच्याही हातात द्यायची नसते. ओनावो नावाची कंपनी आठवते का? डेटा वाचवायची, डेटा मोजायची ॲप बनवायची. २०१३ मध्ये फेसबुकने ती घेतली. त्यांच्या ओनावो प्रोटेक्ट या मोफत व्हीपीएन ॲपमधून लोक फोनवर कोणती ॲप किती वापरतात हे फेसबुकला दिसत होतं. २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरवरून गेलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, कारण हा डेटा गोळा होतोय हे लोकांना नीट सांगितलंच नव्हतं. मोजणाराच बघत बसला होता.

आणि हाच मुद्दा संध्याकाळी मामांनी माझ्यासमोर उभा केला. यादी बघून ते म्हणाले, “हे झालं कोणी किती. पण कोण काय बघतंय ते कुठंय? साइटची नावं दिसली पाहिजेत.”

तांत्रिकदृष्ट्या थोडंफार दिसतं. आज बहुतेक साइट एन्क्रिप्टेड असतात, त्यामुळे पान दिसत नाही, पण कोणत्या साइटकडे गेला ते नाव बऱ्याचदा दिसू शकतं. एनटॉपएनजीसारखं टूल बसवलं असतं तर मामांना यादी मिळाली असती. मी नाही म्हणालो. खरं सांगतो, तत्त्व वगैरे नंतर सुचलं. आधी डोळ्यांसमोर आलं ते असं, की चाळीस पोरा-पोरींनी कोणत्या डॉक्टरची माहिती शोधली, कोणत्या नोकरीचा फॉर्म भरला, कुणी रात्री काय बघितलं, हे मामांच्या मोबाईलवर. आणि मामा चांगला माणूस आहे, पण मामांचा मोबाईल मामांचा मुलगा, केबलवाला, चहावाला सगळेच हाताळतात.

“मामा, तुमचं भांडण जीबीवरून आहे ना? मग जीबीच मोजू.”

“आणि तो पिक्चर उतरवत असला तर?”

“तर जीबीतच दिसेल.”

मामा नाराज झाले. जेवताना बोलले नाहीत. पण दारावर एक कागद लावायला तयार झाले: ‘वाय-फायचा वापर किती होतो याची नोंद ठेवली जाते. काय पाहिले याची नोंद ठेवली जात नाही.’ तो कागद अजून आहे.

शिवाय मी त्यांना एक काम दिलं. केबलवाल्याच्या ॲपमध्ये महिन्याचा एकूण वापर दिसायचा, फक्त बेरीज, बाकी काही नाही. रोज सकाळी नऊला तो आकडा वहीत लिहायचा. मामांना हे काम आवडलं. दुधाच्या वहीसारखी वही केली.

रविवारी पुण्याला आलो. गुरुवारी संध्याकाळी कराडला लाईट गेली, दीड तास. लाईट आल्यावर मामांनी स्क्रीनशॉट पाठवला: गोल चार्ट रिकामा. पाच दिवसांची नोंद गायब. कारण शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, म्हणून जास्तच राग आला. त्या राउटरमध्ये ही नोंद मूळ सेटिंगप्रमाणे रॅममध्ये राहते, कारण राउटरच्या आतल्या छोट्या फ्लॅश मेमरीवर सारखं लिहीत राहिलं तर ती झिजते. लाईट गेली, रॅम पुसली. कोणतंही टूल घेताना ही एक गोष्ट आधी विचारा: बंद पडून चालू झाल्यावर तुला काय आठवतं? घरच्या लॅपटॉपवर व्हीएनस्टॅट मला यासाठीच आवडतं. ते डिस्कवर लिहितं, आणि काहीही न बदलता दिवसांचे आकडे ६२ दिवस आणि महिन्यांचे २५ महिने जपून ठेवतं.

मामांची वही अर्थातच शाबूत होती.

शनिवारी परत एसटी. राउटरला पेनड्राइव्ह लावला, नोंद त्यावर वळवली, २४ तासांनी एकदा लिहायचं सेटिंग होतं ते तासावर आणलं. आणि राउटरला एक छोटा यूपीएस, ज्याचे पैसे मामांनी कुरकुरत दिले.

आता खरी गोष्ट. बुधवारी रात्री मामांना फोन केला. म्हटलं, सोमवार-मंगळवारचे आकडे जुळवू. माझ्याकडे त्यांनी पाठवलेला स्क्रीनशॉट होता. अभ्यासिकेतले सगळे मोबाईल, सगळे लॅपटॉप मिळून एका दिवसाला ३१ जीबी. चाळीस मुलांना ३१ जीबी म्हणजे डोक्यामागे एक जीबीसुद्धा नाही. लेक्चर बघत होती बिचारी, तेपण कमी क्वालिटीत.

“वहीत किती आहे?”

मामीने वही वाचली. “सोमवारी नऊ ते मंगळवारी नऊ... एकशे बासष्ट.”

३१ आणि १६२. मला पहिल्यांदा वाटलं, माझं टूल चुकतंय. मग वाटलं, केबलवाला लबाडी करतोय. दोन्ही तपासलं. मग मी म्हणालो, “मामा, व्हिडिओ कॉल करा आणि तो कंपनीचा डबा दाखवा. मागची बाजू.”

डब्याच्या मागे दोन वायरी होत्या. एक पिवळी, माझ्या राउटरला जाणारी. एक निळी, भिंतीला लागून वर माळ्याकडे.

“ही निळी कुठे जाते?”

“ती? ती कॅमेऱ्यांची.”

आणि मग दोघंही गप्प.

तीन महिन्यांपूर्वी मामांनी सहा कॅमेरे बसवले होते. हॉलमध्ये दोन, जिन्यात, दारात, पार्किंगला आणि लॉकरपाशी. बसवणाऱ्याला त्यांनीच विचारलं होतं, चोर डीव्हीआरच उचलून घेऊन गेला तर? तो म्हणाला, काळजी करू नका, सगळं क्लाउडवर पण टाकतो. आणि टाकलं. सहाही कॅमेरे, पूर्ण क्वालिटी, चोवीस तास. हिशेब सोपा आहे. एका कॅमेऱ्याचे साधारण २ मेगाबिट दर सेकंदाला धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद, आठने भागून बाइट करा, तर २१.६ जीबी होतात. गुणिले सहा, १२९.६ जीबी रोज. त्यात मुलांचे ३१ मिळवा. मामांच्या वहीला जवळजवळ टेकलं. आणि ३३०० ला १६२ ने भागा. वीस दिवस! बरोबर २० तारीख.

वर त्यात आणखी एक वाईट गोष्ट. एफयूपी संपल्यावर जो थोडासा स्पीड उरायचा, त्यावरही कॅमेरे आपली सगळी रेकॉर्डिंग ढकलत राहायचे. मुलांसाठी थेंबसुद्धा उरायचा नाही.

माझा सबमीटर बरोबर होता. पण आमच्याच कॅमेऱ्यांनी मीटरच्या आधी आकडा टाकला होता, खांबावर टाकतात तसा. एकट्या माझ्या टूलवर विसंबलो असतो तर मी म्हणालो असतो, अभ्यासिकेचा वापर ३१ जीबी आहे, कंपनी फसवतेय. एकट्या वहीवर मामा विसंबले असते तर तो मुलगा गेला असता. दोन वेगळ्या ठिकाणी मोजलेलं होतं म्हणून मधली फट दिसली.

त्या मुलाचा स्वतःचा आकडा किती होता, विचाराल. मी बघितला नाही. यादीत नावं नव्हतीच, आजकालचे फोन प्रत्येक वाय-फायला बनावट मॅक ॲड्रेस दाखवतात, अँड्रॉइड १० पासून बहुतेक फोनमध्ये ते आपोआप चालू असतं. शोधायचंच म्हटलं तर त्याच्याजवळ जाऊन त्याचा लॅपटॉप उघडायला लावावा लागला असता. सगळी अभ्यासिका मिळून ३१ जीबी असताना त्याची गरज काय?

कॅमेऱ्यांचं सेटिंग मी फोनवरूनच बदलून घेतलं. दारातला आणि लॉकरचा, दोनच क्लाउडवर, तेही हालचाल झाली तरच. डीव्हीआरची निळी वायर आता माझ्या राउटरमध्ये आहे. पुढच्या महिन्यात ३० तारखेला वहीत ११८० होतं.

मुलगा मात्र तोपर्यंत गेला होता. सांगितलेल्या एक तारखेच्या आधीच, दुसरीकडे महिन्याचे पैसे भरून. मामा स्कूटरवरून त्याच्या खोलीवर जाऊन आले. काय बोलले ते मला सांगितलं नाही. मामी म्हणाली, “सॉरी म्हणाले नसणार, त्यांना येत नाही ते.” पूर्वपरीक्षा त्याने तिकडूनच दिली. महिना संपल्यावर परत आला. मामांनी त्याच्याकडून पहिल्या महिन्याची फी घेतली नाही आणि पंख्याखालची जागा दिली, जी ते कुणालाच देत नाहीत.

सकाळी सगळ्यात आधी तोच येतो. नऊचा आकडा आता वहीत तो लिहितो.

चला, कुकरची शिट्टी झाली, तुम्हालाही ऐकू आली असेल. भेटू पुढच्या एपिसोडला.